भिंतीतली दोन मिलीमीटरची फट आणि अर्ध्यावर थांबलेलं छप्पर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. दुमजली घराचा प्लॅन तुम्ही काढलाय. वरचं छप्पर साधारण अर्ध्या घरावर येतं आणि तिथेच थांबतं. खालच्या मजल्यावर एका खोलीला काही केल्या फरशी लागत नाही. थ्रीडीत फिरताना घर थरथरतं, काही भिंतींवर पट्टे लुकलुकतात. आणि बैठकीच्या खोलीत फर्निचर टाकल्यापासून फाईल उघडायला पाच-सात मिनिटं लागतात. प्लॉटची हद्द तुम्ही सर्व्हेयरच्या ड्रॉइंगमधून आणली आहे. सॉफ्टवेअर दोनदा काढून पुन्हा टाकलंत, ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम, अपडेट केलात. इतर वापरकर्त्यांना विचारलंत, तर एकानं लॅपटॉप बदला म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं सॉफ्टवेअरच बदला म्हणून.

सध्या दोन्ही बदलू नका. तुमचे चार त्रास वाचून मला वाटतं की कारणं तीन आहेत, चार नाहीत, आणि तिन्ही तुमच्या फाईलमध्येच आहेत. घरांचे प्लॅन संगणकावर काढायचं काम मी बरीच वर्षं करतोय. लोकांच्या अडलेल्या फाईली उघडून बघणं हा त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. त्यात एक गोष्ट सारखी दिसते. माणूस जिथे बिघाड दिसतो तिथेच दुरुस्ती करत बसतो. छप्पर बिघडलं की छपराच्या सेटिंगमध्ये शिरतो. पण छप्पर भिंतींवरून काढलं जातं, भिंती कोपऱ्यांवरून, आणि कोपरे तुम्ही माऊसनं जिथे क्लिक केलंत तिथून. म्हणून काहीही दुरुस्त करायच्या आधी दोष एकटा पाडायचा. खालचं सगळं त्यासाठीच आहे.

पहिलं काम पाच मिनिटांचं. मूळ फाईल बंद करा. नवी कोरी फाईल उघडा, चार भिंती काढा, एक दार बसवा, फरशी आणि छप्पर द्या आणि थ्रीडीत फिरून बघा. इथेही पट्टे लुकलुकले, स्क्रीन काळी झाली किंवा सॉफ्टवेअर बंद पडलं, तर यंत्राकडे किंवा ड्रायव्हरकडे बोट दाखवायला जागा आहे. सगळं सुरळीत चाललं, तर सॉफ्टवेअर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही या गुन्ह्यातून सुटले, आणि पुन्हा इन्स्टॉल करण्यात तुमचा एकही मिनिट जायला नको. दोनदा इन्स्टॉल करण्याआधी ही चाचणी कुणी सुचवली नाही याचं मला वाईट वाटलं.

आता छप्पर आणि फरशी. तुमच्या वर्णनातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे: वरचा मजला तुम्ही खालच्या मजल्याच्या भिंती कॉपी करून बनवलात. माझा अंदाज असा, की खालच्या मजल्यावर एका कोपऱ्यात भिंती नीट जुळलेल्या नाहीत. त्यामुळे त्या खोलीला फरशी लागली नाही. मग तीच फट भिंतींबरोबर वरच्या मजल्यावर कॉपी झाली आणि तिथे तिनं छप्पर अडवलं. हे पडताळणं सोपं आहे. छप्पर जिथे थांबतं त्याच्या बरोबर खाली तीच बिनफरशीची खोली येते का, तेवढं बघा. येत असेल तर दोन त्रास संपून एकच उरला.

सॉफ्टवेअर खोली कशी ओळखतं हे कळलं की हा प्रकार गूढ राहत नाही. ते एका कोपऱ्यापासून निघतं, भिंतीच्या आतल्या कडेनं चालत जातं आणि निघालं त्याच बिंदूवर परत पोचलं तरच त्या आकाराला खोली म्हणतं. वाटेत दोन मिलीमीटरची फट असली तर वाट तुटते, आणि आतली जागा बाहेरच्या अंगणाचाच भाग ठरते. तुमच्या डोळ्यांना ती फट दिसत नाही, कारण ती दिसूच शकत नाही. १२ मीटर लांबीचं घर स्क्रीनवर १,२०० पिक्सेलमध्ये मावलेलं असेल तर एक पिक्सेल म्हणजे १० मिलीमीटर. दोन मिलीमीटरची फट हा पिक्सेलचा पाचवा भाग झाला. पूर्ण घर दिसत असताना भिंती जुळलेल्याच वाटणार.

ती शोधायची माझी आवडती रीत अशी. बिनफरशीच्या खोलीच्या मधोमध एक तात्पुरती भिंत आरपार काढा, म्हणजे खोलीचे दोन भाग होतील. आता दोन्ही भागांत फरशी टाकून बघा. एका भागाला लागेल, दुसऱ्याला नाही. फट त्या दुसऱ्या भागात आहे. तात्पुरती भिंत उचलून त्या भागाच्या मधोमध आणा, पुन्हा तेच. आठ कोपऱ्यांची वाकडीतिकडी खोली असली तरी तीन-चार खेपांत तुम्ही नेमक्या कोपऱ्यावर पोचता. फक्त तात्पुरत्या भिंतीची टोकं खऱ्या भिंतींना नीट चिकटली पाहिजेत, नाहीतर शोधणाराच नवी फट पाडून ठेवतो.

तुम्ही कोणतं सॉफ्टवेअर वापरता ते लिहिलेलं नाही, म्हणून मला जवळून माहीत असलेल्या दोघांबद्दल सांगतो. स्वीट होम थ्रीडी मध्ये खोली काढायचं टूल घ्या आणि प्रत्येक खोलीच्या आत डबल-क्लिक करत जा. भिंतींनी बंद असलेल्या खोलीत तिचा आकार आपोआप भरतो. जिथे भरत नाही किंवा भलत्याच जागेपर्यंत पसरतो, तिथे फट आहे. मग संशयित भिंतीवर डबल-क्लिक केलंत की सुरुवातीच्या आणि शेवटच्या टोकाचे एक्स आणि वाय आकडे दिसतात. शेजारच्या भिंतीच्या टोकाशी ते ताडून बघा. एकीकडे ४२५ सेंटीमीटर आणि दुसरीकडे ४२५.२ दिसलं की चोर सापडला. भिंत ओढताना ऑल्ट की दाबलेली असेल तर त्यातलं चुंबकासारखं चिकटणं बंद होतं. बऱ्याच फटी नकळत तिथेच जन्मतात.

स्केचअपमध्ये खोली ही वेगळी वस्तू नसते. तिथे पृष्ठभाग तयार होणं महत्त्वाचं, आणि त्यासाठी रेषा नुसत्या बंद असून भागत नाही, त्या सगळ्या एकाच प्रतलात असाव्या लागतात. एक कोपरा अर्धा मिलीमीटर वर गेला तरी पृष्ठभाग बनत नाही. तिथे दोन युक्त्या फार उपयोगी पडतात. स्टाईलमध्ये रेषांचा रंग अक्षानुसार ठेवा. अक्षाला समांतर असलेल्या रेषा लाल, हिरव्या किंवा निळ्या दिसतात आणि जी किंचित तिरकी गेली आहे ती काळी उरते. दुसरी, लांबीची अचूकता सर्वांत जास्त दशांशांपर्यंत वाढवा. मापाच्या आकड्याआधी ~ अशी नागमोडी खूण दिसली, तर ते माप गोळाबेरीज केलेलं आहे, खरा आकडा वेगळा आहे. लेंग्थ स्नॅपिंग नावाची सोयही बंद ठेवा. माऊसनं ओढलेली लांबी ती गोल आकड्याला नेऊन टेकवते आणि असलेला कोपरा पाव मिलीमीटरनं चुकवते.

फट सापडली की भिंत ताणून ती बुजवू नका. ती भिंत काढून टाका आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नव्यानं काढा, किंवा टोकाचे आकडे हातानं टाईप करा. ताणलेली भिंत कधी कधी पलीकडे एक-दोन मिलीमीटर बाहेर जाते, आणि ते निराळंच दुखणं होतं. माझ्या एका कामात छप्पर बसेना म्हणून मी अख्खा दिवस घालवला होता. शेवटी मोठ्या भिंतीच्या पोटात दडलेला तीन मिलीमीटर लांबीचा भिंतीचा तुकडा सापडला. कधीतरी भिंत अर्धवट काढून सोडली असणार. सॉफ्टवेअरच्या लेखी ती पूर्ण भिंत होती, आणि छप्पर तिच्यावरही कड टेकवायला बघत होतं. तेव्हापासून मी भिंतींची यादी लांबीनुसार लावून बघतो. सर्वांत लहान भिंत १०० मिलीमीटरपेक्षा छोटी असेल तर ती बहुधा कचरा असते.

कोपरे सगळे जुळले आणि तरीही छप्पर अडलं तर तीन गोष्टी बघा: बाहेरच्या सगळ्या भिंतींची उंची सारखी आहे का, त्यांतली एखादी चुकून आतली पार्टिशन म्हणून नोंदली गेली आहे का, आणि भिंतीची बाहेरची बाजू खरंच बाहेर आहे का. जी सॉफ्टवेअरं छप्पर आपोआप बांधतात ती या तीन गोष्टींवरच विसंबून असतात. आणि दुरुस्तीनंतर जुनं अर्धवट छप्पर पूर्ण काढून मगच नवं बांधा. जुन्याचे तुकडे राहून गेले की दुरुस्ती झाली असूनही झाली नाही असं वाटतं.

थरथरण्याचं कारण मात्र वेगळं आहे, आणि तुम्ही सर्व्हेयरच्या ड्रॉइंगचा उल्लेख केलात तेव्हाच मला ते दिसलं. सर्व्हेयरचं ड्रॉइंग बहुतेक वेळा पृथ्वीवरच्या खऱ्या स्थानाच्या आकड्यांत असतं. यूटीएम ही पृथ्वीवरची जागा मीटरमधल्या दोन आकड्यांनी सांगायची पद्धत. तिच्यात उत्तर गोलार्धात एक आकडा म्हणजे विषुववृत्तापासूनचं मीटरमधलं अंतर, म्हणजे सहज २० लाखांच्या घरात. तुमचं घर त्या हद्दीवर ठेवलंत की सॉफ्टवेअरच्या शून्य बिंदूपासून ते हजारो किलोमीटर दूर गेलं. आता गंमत बघा. ग्राफिक्स कार्डाकडे बिंदूंचे आकडे सहसा ३२ बिटांत जातात, आणि त्यात नेमकेपणासाठी २४ बिट मिळतात. म्हणजे १,६७,७७,२१६ पर्यंतचे पूर्णांक बिनचूक, त्यापुढे उड्या. मिलीमीटरमध्ये काम करत असाल तर ही मर्यादा जेमतेम पावणेसतरा किलोमीटरवर येते. २० लाख मीटर म्हणजे २ अब्ज मिलीमीटर. तिथे दोन लगतच्या आकड्यांमधलं अंतर १२८ मिलीमीटर होतं. तुमच्या १५० मिलीमीटरच्या भिंतीला तिथे एक तर १२८ चं माप मिळणार, नाहीतर २५६ चं, आणि कॅमेरा हलला की निवड बदलणार. यालाच तुम्ही थरथर म्हणताय. बरीच सॉफ्टवेअरं फाईलमध्ये आकडे ६४ बिटांत ठेवतात, म्हणून मापं बरोबर येतात आणि चित्र तेवढं हलतं. त्यामुळे संशय हमखास ग्राफिक्स कार्डावर जातो, आणि लॅपटॉप बदलायचा सल्ला मिळतो. नव्या लॅपटॉपवरही ते घर तस्संच थरथरलं असतं.

उपाय साधा आहे. मूळ ड्रॉइंगमध्ये हद्दीचा एक कोपरा निवडा, त्याचे दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा, आणि सगळं ड्रॉइंग उचलून तो कोपरा शून्य-शून्यवर आणा. मग ते आयात करा आणि घर त्याच्या जवळ हलवा. उत्तर दिशेचा कोन हलवताना बिघडू देऊ नका, सूर्यप्रकाश बघायला तो लागेल. हलवल्यावर झूम एक्स्टेंट्स, म्हणजे फाईलमधलं सगळं एकदम स्क्रीनवर आणणारी आज्ञा, वापरून बघा. घर एखाद्या ठिपक्याएवढं दिसलं तर कुठेतरी लांब एखादी सुटी रेषा किंवा अक्षर राहून गेलंय, ते शोधून काढा.

हे करताना एककंही तपासून घ्या, कारण सर्व्हेयर मीटरमध्ये काढतो आणि आपण मिलीमीटरमध्ये. आयात केल्यावर एक माहीत असलेली लांबी मोजा आणि खऱ्या लांबीला त्यानं भागा. उत्तर १,००० आलं तर मीटर आणि मिलीमीटरची गल्लत आहे, २५.४ आलं तर इंच आणि मिलीमीटरची, ३०४.८ आलं तर फूट आणि मिलीमीटरची, १२ आलं तर फूट आणि इंचांची. उत्तर यांपैकी काहीच नसून १.०१ किंवा ०.९८ सारखं आलं तर एककाचा दोष नाही, स्केल लावताना हात हलला आहे. स्कॅन केलेल्या नकाशावरून घर काढणाऱ्यांचं हे नेहमी होतं. ९०० मिलीमीटरचं दार धरून स्केल लावलं आणि क्लिक १० मिलीमीटरनं चुकली, तर १२ मीटरच्या भिंतीत १३३ मिलीमीटरची चूक येते. नकाशावरचं सर्वांत लांब लिहिलेलं माप धरा, आणि आडवं लावून झालं की एक उभं मापही मोजून बघा. मोबाईलनं काढलेल्या फोटोत दोन्ही दिशांचं प्रमाण क्वचितच सारखं असतं.

लुकलुकणारे पट्टे थरथरीपेक्षा वेगळे असू शकतात. फरक असा ओळखा. एक खोली कॉपी करून कोऱ्या फाईलमध्ये शून्याजवळ चिकटवा. थरथर गेली आणि पट्टेही गेले, तर दोन्हींचं कारण अंतर. थरथर गेली पण ठरावीक भिंतीवर किंवा फरशीवर पट्टे उरले, तर तिथे दोन पृष्ठभाग एकाच जागी आहेत. कोणता पुढे दाखवायचा हे ग्राफिक्स कार्डाला ठरवता येत नाही, म्हणून काही पिक्सेल एकाचे आणि काही दुसऱ्याचे. भिंती कॉपी करताना पेस्ट दोनदा झालं की हे होतं. एक भिंत निवडून डिलीट करा. ती नाहीशी न होता तिथेच दिसत राहिली, तर दोन होत्या. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक बसलेल्या जादा रेषा काढून टाकायला ओव्हरकिल ही आज्ञा आहे, आणि सर्व्हेयरची फाईल आणण्याआधी ती एकदा चालवावी असं मी सगळ्यांना सांगतो. फरशीवर पट्टे असतील तर टाईल आणि स्लॅब एकाच पातळीवर आहेत. टाईलला तिची खरी जाडी द्या, मग ती आपोआप वर येते.

दुमजली घरात हा प्रकार आणखी एका ठिकाणी हटकून सापडतो: खालचं सिलिंग आणि वरची फरशी एकाच उंचीवर. मजल्याची उंची म्हणून लोक खोलीची आतली उंची भरतात आणि स्लॅबची जाडी विसरतात. आतून २,८५० आणि स्लॅब १५० असेल तर एका फरशीपासून दुसऱ्या फरशीपर्यंत ३,००० मिलीमीटर. तुम्ही पाठवलेल्या चित्रात जिन्याची शेवटची पायरी वरच्या फरशीच्या खालीच संपलेली दिसते, त्यामुळे मला तुमच्याकडेही हेच झाल्याची शंका आहे. ३,००० ला १७ चढ, म्हणजे पायरीच्या उभ्या बाजू, दिले तर प्रत्येक साधारण १७६ मिलीमीटरचा. जिना आरामाचा आहे का हे बघायला एक जुना हिशोब आहे, १७व्या शतकातल्या फ्रांस्वा ब्लाँदेल या फ्रेंच वास्तुविशारदाच्या नावानं ओळखला जाणारा: दोन चढ अधिक एक पायरीची रुंदी साधारण ६०० ते ६४० मिलीमीटरमध्ये यावी. १७६ ची दुप्पट ३५२, त्यात २७० ची पायरी मिळवली की ६२२, म्हणजे छान. १७ चढांना १६ पायऱ्या, कारण शेवटचा चढ थेट वरच्या फरशीवर पोचतो, म्हणून जिन्याला आडवी ४,३२० मिलीमीटर जागा लागेल. तेवढी नसेल तर सॉफ्टवेअर जिना वळवतं, दाबतं किंवा नाकारतं, आणि आपण त्याला दोष देतो. ते बिचारं बरोबर असतं.

चौथा त्रास, संथ फाईल. इथेच यंत्राचा थोडा संबंध येतो, पण मूळ फर्निचरमध्ये आहे. टेक्स्चर म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर चिकटवलेलं कापडाचं किंवा लाकडाचं चित्र. त्याची जेपीजी फाईल डिस्कवर दोन एमबीची दिसली म्हणून ती हलकी समजू नका. ग्राफिक्स कार्डासाठी ती उलगडावी लागते. ४,०९६ गुणिले ४,०९६ पिक्सेल, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे ६४ एमबी. सोफ्याचं कापड, उशा, गालिचा, लाकूड अशी दहा टेक्स्चर आली की ६४० एमबी झाले. तीच १,०२४ पिक्सेलची केलीत तर प्रत्येकी चार एमबी, आणि खोलीच्या चित्रात बहुतेकांना फरक दिसणार नाही. दुसरं ओझं आकारांचं. उतरवून घेतलेल्या सोफ्यांमध्ये शिवणीचा टाकान्‌टाका आकार म्हणून काढलेला असतो, एका सोफ्यात लाखभर त्रिकोण. बैठकीतल्या लांबून दिसणाऱ्या वस्तूला त्याची काहीच गरज नाही. साधा सोफा घ्या.

कोणती वस्तू जड आहे हे ओळखायलाही अर्धं-अर्धं करणंच कामाला येतं. फाईलची प्रत करा, अर्धं फर्निचर काढा, सेव्ह करून पुन्हा उघडा. वेग आला तर दोषी काढलेल्या अर्ध्यात. दहा खेपांत १,०२४ वस्तूंमधून एक सापडते, तुमच्याकडे तर चाळीस-पन्नासच असतील. स्केचअपमध्ये एक लक्षात ठेवा. स्क्रीनवरून डिलीट केलेली वस्तू फाईलमधून जात नाही, तिची व्याख्या आत राहते. मॉडेल इन्फोमध्ये स्टॅटिस्टिक्स उघडून पर्ज अनयूज्ड दाबलं की ती जाते. स्वीट होम थ्रीडी ची फाईल खरं तर झिप असते. तिच्या प्रतीचं नाव बदलून शेवटी झिप लावा आणि उघडा, आत कोणत्या वस्तूनं किती जागा व्यापली ते आकारानुसार दिसतं. मूळ फाईलवर हा प्रयोग करू नका.

ड्रायव्हरबद्दल दोन वाक्यं, कारण कधी कधी खरंच तो असतो. कोऱ्या फाईलच्या चार भिंतीही बिघडल्या, किंवा हीच फाईल दुसऱ्या कुणाच्या यंत्रावर निर्दोष उघडली, तर आधी बघा की लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप आहेत का आणि सॉफ्टवेअर त्यांतली कमजोर वापरतंय का. विंडोज १० आणि ११ मध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे प्रत्येक प्रोग्रॅमसाठी हाय परफॉर्मन्स निवडता येतं. ड्रायव्हर घ्यायचा तर चिप बनवणाऱ्या किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत जागेवरूनच घ्या.

आपल्या भाषेत काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी नोंद. खोल्यांची नावं मराठीत लिहिली आणि ऑटोकॅडमध्ये नुसती प्रश्नचिन्हं आली, तर फाईल बिघडलेली नाही. तिथले जुने एसएचएक्स फाँट देवनागरी ओळखत नाहीत. टेक्स्ट स्टाईलमध्ये मंगल किंवा निर्मला यूआय असा युनिकोड फाँट द्या. टेक्स्चर ठेवलेल्या फोल्डरचं नाव मराठीत असेल आणि टेक्स्चर सापडत नसतील, तर एकदा रोमन अक्षरांतलं साधं नाव देऊन बघा. काही सॉफ्टवेअरं तिथे अडखळतात.

आता मदत मागण्याबद्दल, कारण तुम्हाला मिळालेले उलटसुलट सल्ले मला खटकले, आणि त्यात सल्ला देणाऱ्यांचीही पूर्ण चूक नाही. "छप्पर बसत नाही, काय करू?" एवढ्यावर कुणीही आपल्याला आधी आलेला अनुभवच सांगणार. ज्याचा ड्रायव्हर बिघडला होता तो ड्रायव्हर सांगतो. तुम्ही फट शोधून, फक्त ती एक खोली उरेल इतकी छोटी फाईल करून पाठवलीत, तर दहा मिनिटांत नेमकं उत्तर मिळेल. आणि खरं सांगतो, फाईल छोटी करता करता निम्म्या लोकांना उत्तर आपलं आपणच सापडतं. सोबत सॉफ्टवेअरचं नाव आणि पूर्ण आवृत्ती, विंडोज की मॅक, ग्राफिक्स कार्ड, एरर आली असेल तर तिचे शब्द जसेच्या तसे, आणि बिघडण्याच्या लगेच आधी तुम्ही काय केलं होतं ते लिहा. शेवटची गोष्ट सगळे विसरतात, आणि मला सगळ्यात जास्त तीच लागते. स्क्रीनचा मोबाईलनं फोटो काढू नका, स्क्रीनशॉट घ्या. लुकलुकण्यासारखी गोष्ट असेल तर दहा सेकंदांचं स्क्रीन रेकॉर्डिंग. फाईल देण्याआधी त्यातून पत्ता, मालकाचं नाव आणि सर्व्हेयरचे खरे आकडे काढून टाका, ते घर कुणाचं तरी आहे.

सल्ले आले की एका वेळी एकच करून बघा आणि काय झालं ते सांगा, "काही फरक नाही" हेसुद्धा. तीन सल्ले एकदम अमलात आणले आणि काम झालं, तर कशानं झालं ते कळत नाही आणि पुढच्या घरात तेच पुन्हा होतं. सल्ला कुणाचा धरायचा याला माझी एक साधी फूटपट्टी आहे: जो आधी तुम्हाला उलट प्रश्न विचारतो त्याचं आधी ऐका.

आणि कृपा करून प्रत्येक पायरीआधी फाईल नव्या नावानं सेव्ह करा, नावात क्रमांक वाढवत. एकाच फाईलवर सेव्ह करत राहिलेल्या माणसाला मागे जायला जागा राहत नाही. क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमध्ये थेट काम करू नका. सेव्ह चालू असताना सिंक सुरू झालं तर अर्धवट फाईल वर जाऊ शकते. काम लोकल डिस्कवर करा, संपलं की प्रत तिकडे टाका. विंडोजवर स्केचअप शेजारीच एसकेबी शेवट असलेली आधीच्या सेव्हची प्रत ठेवतं. मूळ फाईल उघडेनाशी झाली तर आधी ती शोधा.

तुमच्यासाठी क्रम असा धरा. आज फाईलची प्रत करून कोऱ्या फाईलची चाचणी घ्या. मग छप्पर थांबतं त्याच्या खाली बिनफरशीची खोली आहे का ते बघा, आणि तात्पुरत्या भिंतीनं फट शोधा. खालच्या मजल्यावर ती बुजली की वरच्या मजल्याच्या भिंती पुसून नव्यानं कॉपी करा, नाहीतर जुनी फट वर तशीच राहील. हे झाल्यावरच सर्व्हेचं ड्रॉइंग शून्यावर आणा. फर्निचर शेवटी. फट सापडली तर त्या कोपऱ्यातल्या दोन्ही भिंतींच्या टोकांचे आकडे मला कळवा. ती क्लिकमुळे पडली की इंचाचे मिलीमीटर करताना, उदाहरणार्थ साडेचार इंचांच्या ११४.३ चे ११४ केल्यामुळे, हे त्या आकड्यांवरून सांगता येईल. दुसरं कारण असेल तर बाकीचे कोपरेही तपासावे लागतील.